रूपाचा आरोप : मस्तानीची दंतकथा आणि आपली वाचनपद्धती

मराठी इतिहासात ज्या स्त्रियांच्या वाट्याला दीर्घ कीर्ती आली त्यांत मस्तानीचे स्थान वेगळे आहे. जिजाबाई, महाराणी ताराबाई, अहिल्याबाई यांची कीर्ती कर्तृत्वाची आहे. मस्तानीची कीर्ती रूपाची आहे. सर्वसाधारण मराठी वाचकाला तिच्याविषयी एकच गोष्ट ठाऊक असली तर ती ही की, विडा खाल्ल्यावर त्याचा लाल रस तिच्या गळ्यातून उतरताना बाहेरून दिसत असे. ती कोणत्या साली पुण्यास आली, तिच्या मुलाचे पुढे काय झाले, तिची कबर कोठे आहे, हे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनाही बहुधा सांगता येत नाही. विड्याची गोष्ट मात्र सर्वांना येते.

मस्तानी सुंदर होती की नव्हती हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ती सुंदर असेलही. प्रश्न असा आहे की, तिच्या सौंदर्याची दंतकथा आपल्या वाङ्मयात आणि आपल्या वाचनात कोणते काम करते? माझे मत थोडक्यात असे : सत्ता, वारसा आणि जात यांचे प्रश्न जेथे अडचणीचे झाले तेथे आपण रूप आणून ठेवले. मस्तानीची निंदा करणाऱ्यांनी हे केले, तसेच तिची बाजू घेणाऱ्यांनीही केले. दुसऱ्या गटाचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. आणि अध्यापक म्हणून आपली जबाबदारी तेथेच अधिक आहे.

१

प्रथम कागदपत्रांकडे वळू. महंमदखान बंगश याने बुंदेलखंडावर स्वारी करून छत्रसालास अडचणीत आणले, तेव्हा १७२९ च्या मार्चमध्ये बाजीराव त्याच्या मदतीस धावला. या प्रसंगानंतर मस्तानी बाजीरावाच्या जीवनात आली, ही सर्वांत रूढ असलेली परंपरा होय. १७३० च्या जानेवारीत शनिवारवाड्याचे काम सुरू झाले आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. त्या वाड्याचा एक दरवाजा आजही तिच्या नावाने ओळखला जातो. १७३४ मध्ये तिला मुलगा झाला. तोच पुढे समशेर बहादूर म्हणून प्रसिद्धीस आला. १७३९ च्या अखेरीपासून पेशव्यांच्या घरातील तेढ उघड झाली. चिमाजी अप्पा आणि नानासाहेब यांनी मस्तानीस बाजीरावापासून दूर केले आणि १७४० च्या आरंभी ती पुण्यात कैदेत होती. बाजीराव त्या वेळी नासिरजंगाविरुद्धच्या मोहिमेत गुंतला होता. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली. तिची कबर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे.

रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रांचे पंचेचाळीस भाग संपादित करून प्रसिद्ध केले. त्यांतील कौटुंबिक पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवते. या पत्रव्यवहारात मस्तानी हा इतरांच्या पत्रांचा विषय आहे. पत्र लिहिणारी ती नाही. घरातील माणसे एकमेकांस लिहितात ते तिला कोठे ठेवावे, ती निघून गेली तर काय करावे, रावांची प्रकृती व मनःस्थिती कशी आहे, याविषयी. या पत्रांचा रोख रूपावर नाही, बंदोबस्तावर आहे. एखाद्या राजकीय अडचणीविषयी लिहावे तसे ते लिहिणे आहे.

आणि ती अडचण खरोखरच राजकीय होती. बाळाजी विश्वनाथास १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले. बाजीरावास ते १७२० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी मिळाले. घराण्याची ही केवळ दुसरी पिढी होती. पद वंशपरंपरेने चालेल की नाही हे छत्रपती शाहूंच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि पुण्यातील प्रतिष्ठा ब्रह्मवृंदाच्या मान्यतेवर. १७४० च्या आरंभी रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचे लग्न ही कार्ये घरात व्हावयाची होती. अशा वेळी पंक्तीचा, विधीचा आणि पुरोहितांच्या संमतीचा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांपुढे उभा राहिला असल्यास नवल नाही. त्यामागे त्याहून मोठा प्रश्न होता : मस्तानीच्या मुलाचे या घराण्यातील स्थान कोणते? मुंज होणारा मुलगा वारस ठरतो. ज्याची होत नाही तो सरदार होतो. समशेर बहादूर सरदार झाला. पानिपतावर तो पेशव्यांच्या बाजूने लढला आणि १७६१ मध्ये जखमांनी मरण पावला. त्याचा मुलगा अलीबहादूर याने बुंदेलखंडात बांद्याची सत्ता उभारली, आणि त्या घराण्यातील दुसरा अलीबहादूर १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला.

म्हणजे कागदपत्रांवरून जी कथा दिसते ती एका नव्या सत्ताधारी घराण्याची, त्याच्या जातिनियमांची आणि एका मुलाच्या नाकारलेल्या अधिकाराची आहे. दंतकथेने मात्र आपल्या हाती दिला तो विडा.

२

हा विडा कोठून आला? येथे वाङ्मयाच्या अभ्यासकाला इतिहासकाराहून अधिक काही सांगता येण्याजोगे आहे. मलिक महंमद जायसीचे 'पद्मावत' हे अवधी काव्य १५४० मधले. त्यात पद्मावतीच्या नखशिखान्त वर्णनात तिच्या गळ्याचे वर्णन येते, आणि तेथे हीच कल्पना आहे : घोट घेताना विड्याच्या रसाची रेषा तिच्या गळ्यातून दिसते. मस्तानीच्या जन्माच्या आधी दीड शतकाहून अधिक काळ ही कल्पना उत्तरेतील सूफी प्रेमाख्यानात लिहिली गेली होती. मस्तानीचा गळा कोणी पाहिला आणि मग तसे लिहिले, असे झालेले नाही. नायिकेचा गळा कसा असावा हे आधीच ठरलेले होते; एक नवी नायिका मिळाली तेव्हा तो गळा तिला दिला गेला.

जी गोष्ट आपण मस्तानीची सर्वांत खास खूण म्हणून सांगतो ती तिची नव्हेच. ती एका वर्णनपद्धतीची खूण आहे. मराठी आख्यानकाव्याच्या अभ्यासकांना यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. नरेंद्राच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'पासून पंडिती काव्यापर्यंत नायिकेचे रूपवर्णन ठरावीक उपमानांच्या आधारे केले जाते, आणि त्या वर्णनावरून रुक्मिणी किंवा दमयंती प्रत्यक्षात कशी दिसत होती असा शोध कोणी घेत नाही. काव्यातील संकेत आपण संकेत म्हणून ओळखतो. तोच संकेत इतिहासातील व्यक्तीला चिकटला की आपण त्याला आठवण समजू लागतो. मस्तानीच्या बाबतीत नेमके हेच झाले.

जायसीच्या काव्याची आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. अलाउद्दीन खिलजीने चितोड घेतले ते १३०३ मध्ये. पद्मिनीची कथा विस्ताराने येते ती १५४० मध्ये. मध्ये दोनशे सदतीस वर्षे आहेत. स्वारीच्या वेळी अलाउद्दीनबरोबर असलेल्या अमीर खुसरोच्या वृत्तान्तात पद्मिनीचे नाव नाही. नगर आधी पडले. ते जिच्यामुळे पडले असे सांगतात ती सुंदरी मागाहून आली.

३

हा क्रम केवळ उत्तरेतील एका कथेपुरता असता तर तो योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु सोलापूरच्या वाचकांना अगदी जवळच्या मुलखातील दुसरे उदाहरण सांगता येईल. रायचूर दुआबातील मुदगलच्या एका सोनाराची मुलगी पर्थल हिच्यासाठी १४०६ च्या सुमारास विजयनगरचा देवराय आणि बहमनी सुलतान फिरोजशहा यांच्यात युद्ध झाले, असे फरिश्ता सांगतो. काशीहून परतणाऱ्या एका ब्राह्मणाने तिला पाहिले, तिचे वर्णन देवरायास ऐकविले, देवरायाने मागणी घातली, मुलीने नकार दिला, आणि तिला आणण्यासाठी त्याने तुंगभद्रेपलीकडे फौज पाठविली. शेवटी देवरायाचा पराभव झाला, फिरोजशहाने त्याच्या मुलीशी लग्न केले, आणि पर्थलचे लग्न सुलतानाच्या मुलाशी झाले.

फरिश्ता हे लिहीत होता तो विजापूरच्या दरबारात, सतराव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे घटनेनंतर दोनशे वर्षांनी. कृष्णा व तुंगभद्रा यांमधील दुआब सुपीक होता, तेथे किल्ले होते, आणि त्या पट्ट्यासाठी बहमनी व विजयनगर यांच्यात पर्थलच्या आधीही युद्धे झाली, नंतरही झाली. प्रत्येक युद्धाला सुंदर मुलगी मिळाली नाही. एकाला मिळाली, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिले.

पर्थलच्या कथेत एक तपशील मात्र असा आहे की, तो मला फार मोलाचा वाटतो. राजाचा नजराणा ती परत करते आणि कारण सांगते : राजवाड्यात गेलेल्या मुलीला पुन्हा आईबापांचे तोंड पाहावयास मिळत नाही. फरिश्ता हा दरबारी इतिहासकार होता. स्त्रीच्या बाजूने काही सांगावे असा त्याचा हेतू असण्याचे कारण नाही. तरीही एका सोनाराच्या मुलीच्या तोंडी त्याने एक साधे, व्यवहारी, पूर्णतः तिचे स्वतःचे असे कारण घातले. मस्तानीला एवढेही मिळाले नाही.

जगाच्या वाङ्मयात या क्रमाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण प्राचीन चीनमधील सी-शिह हिचे आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात यूए व वू ही दोन राज्ये एकमेकांचे वैरी होती. यूएचा पराभूत राजा कोउ-चिएन याने सी-शिह नावाची एक अतिसुंदर तरुणी वूचा राजा फू-छाय यास नजर केली. तो तिच्यात रमला, राज्याकडे त्याचे दुर्लक्ष झाले आणि इसवी सनापूर्वी ४७३ मध्ये वूचा नाश झाला, अशी कथा आहे. चिनी परंपरेतील चार श्रेष्ठ सुंदरींत ती पहिली. नदीवर ती वस्त्र धुवावयास बसली की तिचे रूप पाहून मासे पोहणे विसरत आणि तळाशी जात, असे सांगतात. विड्याच्या रसाचे हे चिनी भावंड म्हणता येईल.

परंतु कथेचा कालक्रम पाहावा. सी-शिहचे नाव जुने आहे. मो-त्झू या तत्त्ववेत्त्याच्या नावावरील ग्रंथात ती रूपामुळे बुडवली गेली असा ओझरता उल्लेख आहे, आणि च्वांग-त्झूच्या ग्रंथात तिच्या कपाळाला आठ्या घालण्याची नक्कल करणाऱ्या कुरूप स्त्रीची मार्मिक गोष्ट आहे. वूच्या पाडावाशी मात्र या उल्लेखांचा संबंध नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आरंभीचा थोर इतिहासकार स्सुमा छिएन वूच्या प्रधानाला सुंदर स्त्रिया व मौल्यवान वस्तू लाच म्हणून दिल्याचे नोंदवतो. सी-शिहचे नाव तेथे नाही. ती या राजकारणात हेर व नजराणा म्हणून ठळकपणे अवतरते ती घटनेनंतर सुमारे पाचशे वर्षांनी रचलेल्या ग्रंथांत. पुढे मिंग काळात तिच्यावर प्रसिद्ध नाटक झाले. वूच्या नाशाची कारणे जुन्या ग्रंथांत पुरेशी स्पष्ट आहेत : उत्तरेकडील वर्चस्वासाठी फू-छायने केलेल्या खर्चिक मोहिमा, सावध करणाऱ्या वू त्झू-शू या मंत्र्याला त्याने घ्यावयास लावलेला स्वतःचा जीव, आणि राजा इसवी सनापूर्वी ४८२ मध्ये दूर परिषदेत गुंतलेला असताना राजधानीवर झालेला हल्ला. ही सारी राजाची कर्मे आहेत. कथेने ती एका मुलीच्या चेहऱ्यामागे झाकली.

सी-शिहच्या शेवटाविषयीही दोन कथा आहेत. एकीत तिला बुडविण्यात येते. दुसरीत ती फान ली या मंत्र्याबरोबर नावेतून सरोवरापार निघून जाते. मस्तानीच्या शेवटाविषयीही आपल्याकडे तीन कथा आहेत : तिने विष घेतले, ती शोकाने गेली, ती सती गेली. पुराव्याने यांतील कोणतीही ठरलेली नाही. परंतु तिन्हींचा आशय एकच आहे, आणि तो असा की, बाजीरावानंतर तिला स्वतःचे आयुष्य असू शकत नाही. सहा वर्षांचा मुलगा मागे होता, हे या तिन्ही कथांना आठवत नाही. चिनी कथेने निदान एका आवृत्तीत सी-शिहला नाव मिळवून दिली.

४

आता सहानुभूतीकडे वळू. कारण खरा पेच तेथे आहे. जुन्या परंपरेने मस्तानीला बाजीरावाच्या अधःपाताचे कारण ठरविले, कोणी तिला निजामाची मुलगी म्हटले, कोणी नाचणारी. या मताचा प्रतिवाद विसाव्या शतकात झाला, आणि तो आवश्यक होता. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीने मराठी मध्यमवर्गीय वाचकाच्या मनातील मस्तानीची प्रतिमा पालटली. सनातनी पुण्याने एका खऱ्या प्रेमाचा बळी घेतला, ही जाणीव या कादंबरीने घरोघरी पोचविली. द. ग. गोडसे यांनी १९८९ मध्ये 'मस्तानी' हा स्वतंत्र ग्रंथ लिहून तिच्यावरील आक्षेपांचा पुराव्यांच्या आधारे पुनर्विचार केला. या दोघांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तरीही 'राऊ'चे शीर्षक पाहावे. ते बाजीरावाचे नाव आहे. ही टीका नव्हे. कादंबरीचा नायक कोण हे लेखकाने प्रामाणिकपणे मुखपृष्ठावर लिहिले आहे. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर या कथेत रतिभावाचा आश्रय बाजीराव आहे आणि मस्तानी आलंबन-विभाव आहे. आलंबनाने सुंदर असणे आवश्यक असते; त्याला स्वतःचा हेतू असणे आवश्यक नसते. मस्तानी कादंबरीत बोलते, पुष्कळ बोलते. परंतु तिच्या बोलण्याचा विषय बहुधा तो असतो आणि तिची त्याच्यावरील निष्ठा असते. निंदकांच्या कथेत तिच्या रूपाने पुरुष बिघडतो. सहानुभूतीच्या कथेत तिच्या रूपाने पुरुष उदात्त होतो. दोन्हीकडे घडते ते पुरुषाला, आणि घडविते ते रूप. न्यायाधीशाने निकाल फिरविला, परंतु आरोपपत्र तेच राहिले.

या कादंबरीवर आधारलेला 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट २०१५ मध्ये आला. त्यातील काशीबाई व मस्तानी यांच्या एकत्र नृत्याच्या गाण्यावरून पुण्यात मोठा वाद झाला. पेशव्यांच्या घरातील स्त्रिया अशा नाचल्या नसत्या, हा आक्षेप ऐतिहासिक दृष्ट्या रास्तच होता. परंतु वादाचे स्वरूप ध्यानात घ्यावे : सारी चर्चा घराण्याच्या अब्रूची होती. १७४० मध्ये ज्या कारणासाठी मस्तानी कैदेत गेली तेच कारण, म्हणजे घराण्याची अब्रू, पावणेतीनशे वर्षांनी पुन्हा चर्चेच्या मध्यभागी आले. तिच्या मुलाच्या नाकारलेल्या अधिकाराविषयी त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही.

पुण्यात आइस्क्रीम घातलेल्या घट्ट दुधाच्या पेयाला 'मस्तानी' म्हणतात. नाव कसे पडले याविषयी काहीही सांगितले जात असले तरी ते सहज पचले यातच पुष्कळ काही आले. एखाद्या पेयाला आपण ताराबाईंचे नाव देऊ धजणार नाही. मस्तानीचे दिले, कारण तिची आठवण आपण गळ्यातून उतरणाऱ्या एका रसापुरती ठेवली आहे.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे. हे मान्य आहे. माझा आक्षेप कल्पनेला नाहीच. कल्पना पुरेशी झाली नाही याला आहे. कागदांत मस्तानीचा शब्द नाही, म्हणून तर कादंबरीकाराचे काम तेथे सुरू होते. बुंदेलखंडातून पुण्यास आलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या, वाड्यात राहूनही पंक्तीस न बसू शकणाऱ्या स्त्रीला ते घर कसे दिसले असेल? आपल्या मुलाची मुंज होणार नाही हे तिला केव्हा उमजले असेल? कल्पनेला यापेक्षा मोठे आवाहन कोणते? रूपाच्या वर्णनाने हे प्रश्न विचारण्याची गरज भासू दिली नाही, ही खरी हानी आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. रूपाची दंतकथा नसती तर मस्तानी विस्मृतीत गेली असती, असे कोणी म्हणेल. हेही खरे आहे. पेशवाईतील किती स्त्रियांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत? विजापूर सोलापूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे गोलघुमटाखाली महंमद आदिलशहाच्या शेजारी ज्या कबरी आहेत त्यांत त्याची प्रियतमा रंभा हिचीही आहे. तिच्याविषयी आपण दंतकथेपलीकडे काही सांगू शकत नाही. पण ती दंतकथा आहे म्हणून निदान नाव तरी उच्चारले जाते. सौंदर्याने या स्त्रियांना स्मृतीत जागा दिली आणि त्याच जागेत त्यांना मुके करून ठेवले. दंतकथा टाकून देणे म्हणूनच शक्य नाही आणि इष्टही नाही. ती दंतकथा म्हणून वाचणे एवढेच आपल्या हाती आहे.

असे वाचण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली तेव्हा मुद्दा हाच होता : पुरुषांच्या कर्मांचे दोष स्त्रियांच्या स्वभावावर का लादले जातात? चीनमध्ये लू शुनने १९३४ मध्ये एका निबंधात सुंदरींमुळे राज्ये बुडाली या समजुतीची खिल्ली उडविली. बुलढाण्याच्या या बाईंनी तो प्रश्न त्याच्या बावन्न वर्षे आधी मराठीत विचारला होता. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) द्रौपदी, कुंती, गांधारी यांना महाकाव्याच्या तेजोवलयातून बाहेर काढून घर, वय, वारसा आणि अपमान यांच्या व्यवहारात उभे केले. महाभारतातील स्त्रियांना जे मिळाले ते अठराव्या शतकातील एका स्त्रीला आपण देऊ शकलो नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

यातून अध्यापनासाठी काही निष्पन्न होते. ऐतिहासिक कादंबरी शिकविताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : कादंबरीकार इतिहासाशी किती प्रामाणिक आहे, आणि व्यक्तिचित्रण किती प्रभावी आहे. मस्तानीवरील प्रश्नाचे उत्तर मग सौंदर्य, निष्ठा आणि त्याग या तीन मथळ्यांखाली लिहिले जाते आणि त्याला चांगले गुणही मिळतात. या दोन प्रश्नांच्या जोडीला आणखी तीन विचारावेत. हे रूपवर्णन प्रथम केव्हा आढळते, आणि घटनेपासून ते किती दूर आहे? ते कोणत्या काव्यसंकेतातून आले आहे? आणि हे वर्णन काढून घेतले तर कथेतील कोणाला आपल्या कृत्याचे दुसरे कारण द्यावे लागेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमीच उद्बोधक असते. वूच्या कथेतून सी-शिह काढली की फू-छायला आपल्या मोहिमांचा हिशेब द्यावा लागतो. मुदगलच्या कथेतून पर्थल काढली की दोन राज्यांना दुआबाचा द्यावा लागतो. मस्तानीच्या कथेतून विडा काढला की पेशव्यांच्या घराला, त्या घरास मान्यता देणाऱ्या समाजाला, आणि पर्यायाने आपल्यालाही, पंक्तीत कोणाला बसू दिले नाही याचा द्यावा लागतो.

सोलापूरच्या वर्गात हा प्रश्न विचारणे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. येथे मराठी साहित्य शिकणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी कन्नड, तेलुगू किंवा दखनी बोलली जाते. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि प्रतिष्ठेची तिसरी, हा अनुभव त्यांना नवा नाही. मस्तानीला पुण्यात काय वाटले असेल याचा अंदाज यांतील एखादी विद्यार्थिनी रूपवर्णनाची दहा पाने वाचणाऱ्या समीक्षकापेक्षा अधिक नेमका करू शकेल. तिला तो करण्याची मुभा आपल्या प्रश्नपत्रिकेने दिली पाहिजे.

पाबळच्या कबरीवर रूपाचे वर्णन नाही. ते आपल्या पुस्तकांत आहे, आणि म्हणून त्याचे उत्तरदायित्वही आपल्याकडे आहे.